उजव्या रुळावरचं गाव

फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या गाड्या उजवीकडून चालतात आणि रेल्वेगाड्या डावीकडून. रेल्वेचं तंत्र इंग्लंडकडून आलं, तंत्राबरोबर इंग्रजांची डावी बाजूही आली. आपल्याकडेही तेच झालं, म्हणून कल्याणहून मुंबईकडे येणारी लोकल डाव्या रुळावरून येते. पण फ्रान्सच्या पूर्व टोकाला आल्सास नावाचा प्रांत आहे. तिथे शिरलं की गाड्या उजव्या बाजूने धावू लागतात. जुन्या मार्गांवर हा बदल जिथे होतो, तिथे एक रूळ छोट्याशा पुलावरून दुसऱ्या रुळाच्या डोक्यावरून पलीकडे जातो. फ्रेंच रेल्वेवाले अशा पुलाला ‘मेंढीची उडी’ म्हणतात. खिडकीत बसलेल्याला काही कळत नाही, हातातली कॉफीही हिंदकळत नाही. पण हे पूल ज्या पट्ट्यात आहेत, तिथून १८७१ ते १९१८ या काळात फ्रान्स आणि जर्मनीची सीमा जात होती.

ती सीमा तिथून हलून शंभराहून जास्त वर्षं झाली. गाड्यांना अजून कुणी कळवलेलं नाही.

युरोपात शिकायला किंवा नोकरीला असलेल्या आपल्या मंडळींच्या फोनमध्ये आल्सासमधल्या कोल्मार गावाचे फोटो हमखास सापडतात. कालव्यासारखी संथ नदी, दोन्ही काठांवर लाकडी चौकटींची गुलाबी-निळी-पिवळी घरं, खिडक्यांत जिरेनियमच्या कुंड्या, गावाबाहेर पडलं की डोंगरापर्यंत द्राक्षबागा. दोन दिवसांच्या सुट्टीसाठी याहून सोपं गाव शोधून सापडणार नाही. पॅरिसहून पावणेदोन तासांत स्ट्रासबर्ग, तिथून अर्ध्या तासात कोल्मार. स्टेशनपासून जुनं गाव पायी पंधरा मिनिटं. गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही, पार्किंगची कटकट नाही आणि वाईन चाखल्यावर कोण चालवणार हा प्रश्न नाही.

मीही एवढ्याच हिशोबाने गेलो होतो. पण रेल्वेने गेल्यामुळे एक वेगळीच गोष्ट हाती लागली. कोल्मारचं देखणेपण एक इतिहास सांगतं आणि तिथले रूळ, कायदे, स्मारकं दुसराच. हे दोन्ही इतिहास शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ते गाव कळत नाही.

रेल्वेची किंमत

आल्सासमध्ये रेल्वे आली ती पॅरिसमुळे नाही. म्युलूझ या गिरणगावातल्या निकोला केक्लँ नावाच्या कापड-कारखानदाराने पुढाकार घेतला आणि १८४१ मध्ये स्ट्रासबर्गपासून कोल्मारमार्गे स्विस सीमेपर्यंतचा मार्ग तयार झाला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटायच्या बारा वर्षं आधीची ही गोष्ट. पॅरिसहून स्ट्रासबर्गपर्यंत सलग रूळ पोचले १८५२ मध्ये. म्हणजे कोल्मारकर आधी ऱ्हाइन नदीच्या काठाने वर-खाली हिंडू लागले आणि राजधानी त्यांना अकरा वर्षांनी जोडली गेली.

१८७० साली फ्रान्सने प्रशियाशी युद्ध पुकारलं आणि हरला. १० मे १८७१ च्या फ्रँकफर्टच्या तहाने आल्सास आणि लोरेनचा काही भाग नव्या जर्मन साम्राज्याला मिळाला. शिवाय फ्रान्सने पाच अब्ज फ्रँक द्यायचे ठरले. या रकमेतून जर्मनीने ३२ कोटी ५० लाख फ्रँक वजा करू दिले, ती होती जिंकलेल्या मुलखातल्या रेल्वेची किंमत. जमीन आणि माणसं तहात फुकट आली. रूळ, स्टेशनं आणि सिग्नल मात्र रीतसर हिशोब करून विकत घेतले गेले.

मग जर्मनांनी आपल्या पद्धतीने ही रेल्वे वाढवली. गाड्या उजवीकडून धावू लागल्या, सिग्नल त्या बाजूला लागले, मोठाली स्टेशनं उभी राहिली. स्ट्रासबर्गचं १८८३ मधलं, कोल्मारचं १९०७ मधलं. कोल्मार स्टेशनच्या बाहेर उभं राहून मागे वळून पाहिलं, तर लाल विटांची, मनोऱ्याची ही इमारत फ्रान्समधली वाटतच नाही. आपण जर्मन साम्राज्याच्या दारातून बाहेर पडून फ्रेंच गावात शिरलेलो असतो.

१९१८ मध्ये आल्सास फ्रान्सकडे परत आलं, तेव्हा रेल्वे पुन्हा डावीकडून चालवायची म्हणजे प्रत्येक सिग्नल आणि प्रत्येक सांधा बदलायचा. त्यापेक्षा सीमेवर पूल बांधून बाजू बदलणं सोपं होतं. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही हा निर्णय लगेच पटेल. दोन सिस्टिम जुळत नसतील, तर दोन्ही नव्याने लिहायच्या नसतात, मध्ये एक अडॅप्टर टाकायचा.

गणवेश नसलेले सैनिक

स्ट्रासबर्गला गाडी बदलायची असते. तिथे दोन तास हाताशी ठेवा आणि रिपब्लिक चौकात जा. चौकाच्या मधोमध १९३६ मधलं युद्धस्मारक आहे. एक आई बसलेली आहे, तिला टेकून तिची दोन मुलं मरणपंथाला लागलेली आहेत आणि मरता मरता त्यांचे हात एकमेकांशी जुळले आहेत. फ्रान्सच्या गावोगावच्या स्मारकांवर मृतांनी फ्रान्ससाठी प्राण दिल्याचं कोरलेलं असतं. इथे तसं नाही. इथे फक्त आमच्या मृतांना, एवढंच म्हटलं आहे. आणि दोन्ही मुलांच्या अंगावर गणवेश नाही, कपडेच नाहीत.

कारण गणवेश दाखवायचा, तर तो जर्मन दाखवावा लागला असता. पहिल्या महायुद्धात आल्सास-लोरेनमधले सुमारे ३ लाख ८० हजार पुरुष जर्मन सैन्यात होते. ते जर्मन नागरिक होते, सैन्यात जाणं कायद्याने भाग होतं. युद्ध संपेस्तोवर त्यांचं गाव शत्रूच्या देशात गेलं आणि तो शत्रू आता त्यांचा स्वतःचा देश होता. त्यांच्या घरच्यांनी शोक कुठल्या झेंड्याखाली करायचा? शिल्पकाराने या प्रश्नाचं जमेल तेवढं प्रामाणिक उत्तर दिलं आणि कपडेच काढून टाकले.

१८६९ मध्ये कोल्मारमध्ये जन्मलेली एखादी बाई १९४६ मध्ये त्याच घरात वारली, असं समजा. जन्माने ती फ्रेंच. १८७१ मध्ये जर्मन, १९१८ मध्ये फ्रेंच, १९४० मध्ये जर्मन, १९४५ मध्ये पुन्हा फ्रेंच. उंबरठा न ओलांडता तिने चार वेळा देश बदलला असता.

पोस्टकार्डाची लढाई

कोल्मारच्या जुन्या गावात आता शिरूया. १४८० मधलं जकातघर, १५३७ मधलं फिस्टरचं घर, १६०९ मधलं मुंडक्यांचं घर, ज्याच्या दर्शनी भिंतीवर शंभरावर चेहरे कोरलेले आहेत. या शेवटच्या घराच्या माथ्यावर पिंप बनवणाऱ्या कारागिराचा पुतळा आहे, तो ऑग्युस्त बार्तोल्दीचा. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा घडवणारा हाच. तो १८३४ मध्ये कोल्मारमध्ये जन्मला. १८७० च्या युद्धात लढला. गाव जर्मनीत गेल्यावर तो फ्रेंचच राहिला आणि त्याची आई मात्र कोल्मारमध्ये राहिली. स्वातंत्र्यदेवीच्या मशालीकडे पाहताना, घडवणाऱ्याचं स्वतःचं जन्मघर तेव्हा परक्या राज्यात होतं, हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही.

गावातल्या दुकानांत एकाच हाताने काढल्यासारखी चित्रं दिसतात. डोक्यावर मोठा काळा बो बांधलेल्या मुली, छपरावर करकोचे, उतरत्या कौलांची घरं, हसरी मुलं. बिस्किटांच्या डब्यांवर, टेबलक्लॉथवर, दुकानांच्या पाट्यांवर तीच. हा हात ऑन्सीचा. खरं नाव झाँ-झाक वाल्त्झ, जन्म कोल्मारमध्येच, १८७३ चा, म्हणजे जन्माने जर्मन.

पहिल्यांदा ती चित्रं गोड वाटतात. जरा निरखून पाहिलं की लक्षात येतं, कोपऱ्यात एखादा चष्मेवाला, जाडजूड जर्मन प्रवासी उभा असतो आणि मुलं त्याला हसत असतात. ऑन्सी राजकीय व्यंगचित्रकार होता. आल्सासचं गाव जितकं गोजिरं दाखवावं, तितका तिथे आलेला जर्मन अधिकारी ओबडधोबड वाटावा, ही त्याची युक्ती होती. जर्मन सरकारला ती नीट कळली. जुलै १९१४ मध्ये लाइपझिगच्या न्यायालयाने त्याला एक वर्षाची कैद सुनावली. तो निसटून फ्रान्समध्ये गेला, काही दिवसांत महायुद्ध सुरू झालं आणि त्याने फ्रेंच सैन्यात नोकरी धरली.

आज आपण ज्याला ‘पिक्चरेस्क’ म्हणतो ते आल्सास बरंचसं ऑन्सीने रंगवलेलं आहे. ते चित्र खोटं नाही, घरं खरीच आहेत, करकोचेही आहेत. पण चित्रात काय येऊ द्यायचं आणि काय नाही, हे एका भांडणाने ठरवलं. भांडण संपलं, त्यातला विखार विरून गेला आणि चित्र बिस्किटांच्या डब्यावर उरलं.

चार शेवटचे धडे

सीबीएसईतून बारावी केलेल्यांना आल्सास ओळखीचं असणार. इंग्रजीच्या ‘फ्लेमिंगो’ पुस्तकात आल्फाँस दोदे या फ्रेंच लेखकाची ‘शेवटचा धडा’ ही गोष्ट आहे. युद्ध हरल्यावर बर्लिनहून हुकूम येतो की आता शाळेत फक्त जर्मन शिकवायचं. म्हातारे मास्तर फ्रेंचचा अखेरचा तास घेतात आणि फ्रांत्स नावाच्या उनाड पोराला आपण काय गमावलं ते त्या दिवशी कळतं. आपल्याकडे ही गोष्ट मातृभाषेच्या प्रेमाची गोष्ट म्हणून शिकवली जाते. सीमाभागातल्या मराठी घरात ती वाचली, तर डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहणार नाही.

गोष्ट उत्तम आहे. फक्त तिने एक गोष्ट सांगितलेली नाही. १८७१ मध्ये आल्सासच्या खेड्यात फ्रांत्स नावाचं पोर घरी फ्रेंच बोलत असण्याची शक्यता फारच कमी होती. तिथल्या बहुसंख्य लोकांची बोली आल्सेशियन, म्हणजे जर्मन कुळातली. फ्रेंच ही शाळेची, कचेरीची आणि शहरातल्या वरच्या वर्गाची भाषा होती. फ्रांत्सला फ्रेंचमधली क्रियापदं धड येत नव्हती, यात त्याच्या उनाडपणाइतकाच घरच्या बोलीचाही हात असणार. दोदे स्वतः दक्षिण फ्रान्सातल्या नीम गावचा. गोष्ट पराभवानंतर लगेच छापली गेली, तेव्हा फ्रेंच वाचकाला रडायला जागा हवी होती आणि दोदेने ती दिली.

पुढे काय झालं ते गोष्टीत येणं शक्यच नव्हतं. १९१८ नंतर फ्रेंच सरकारने शाळा एका झटक्यात फ्रेंच केल्या. जर्मनचं अक्षर न जाणणारे मास्तर फ्रान्सच्या आतल्या भागातून आले आणि जन्मभर जर्मनमधून शिकलेल्या मुलांसमोर उभे राहिले. १९४० मध्ये नाझी आले. फ्रेंच बोलायला बंदी, माणसांची नावं बदलून जर्मन, रस्त्यांची नावं जर्मन. म्युलूझमध्ये ‘रानटी माणसाची गल्ली’ अशा अर्थाचं नाव असलेल्या मुख्य रस्त्याला हिटलरचं नाव दिलं गेलं आणि लोक गुपचूप पोट धरून हसले. १९४५ मध्ये पुन्हा फ्रेंच. या वेळी आल्सेशियन बोलणारं पोर शत्रूची भाषा बोलतंय असं वाटण्याचे दिवस होते. फ्रेंच बोलण्यातच खरा रुबाब आहे, असं सांगणारी पोस्टर्स लागली.

म्हणजे शेवटचा धडा आल्सासमध्ये चार वेळा झाला. प्रत्येक वेळी फळ्यासमोर वेगळे मास्तर होते आणि चारही वेळा घरची बोली वर्गाबाहेर उभी होती. २०१२ च्या पाहणीत ४३ टक्के लोकांनी आपण आल्सेशियन बोलतो असं सांगितलं. ३ ते १७ वर्षं वयाच्या मुलांत हा आकडा ३ टक्के होता. तोफांपुढे टिकलेली बोली शाळेच्या दप्तरापुढे हरली.

जुना कोड

आता पुन्हा रुळांसारखी गोष्ट. फ्रान्सने १९०५ मध्ये कायदा करून धर्म आणि सरकार वेगळे केले. आजच्या फ्रान्सची ओळखच त्या कायद्यात आहे. पण आल्सासमध्ये तो लागू नाही. तिथे नेपोलियनने १८०१ मध्ये पोपशी केलेला करार अजून चालतो आणि कॅथलिक पाद्री, प्रोटेस्टंट पाद्री, ज्यू रब्बी यांना सरकार पगार देतं. कारण साधं आहे. १९०५ मध्ये आल्सास जर्मनीत होतं. आमच्या भाषेत सांगायचं, तर मुख्य ब्रँचवर तो बदल कमिट झाला तेव्हा ही ब्रँच दुसऱ्याच रिपॉझिटरीत होती आणि १९१८ च्या मर्जमध्ये तो बदल आत आलाच नाही. उलट दिशेने बिस्मार्कच्या काळातली आरोग्यविम्याची पद्धत राहिली. ती उर्वरित फ्रान्सपेक्षा जास्त भरपाई देते. गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबरच्या सुट्ट्याही तशाच टिकल्या.

अशी गोष्ट दिसली की आम्हा इंजिनियरांना वाटतं, कुणीतरी साफ करायला विसरलं असणार. इथे तसं झालेलं नाही. १९२४ मध्ये पंतप्रधान एदुआर एरिओ यांच्या सरकारने आल्सासमध्येही फ्रान्सचे सगळे कायदे आणायचं जाहीर केलं. प्रांत पेटून उठला. मोर्चे निघाले, शाळा बंद राहिल्या आणि सरकारने माघार घेतली. पण त्या संतापातून स्वायत्ततेची चळवळ वाढली. मे १९२८ मध्ये तिच्या नेत्यांवर देशाविरुद्ध कट केल्याचा खटला चालला, तोही कोल्मारमध्येच. आरोपींमध्ये युजेन रिकलिन होते. जर्मन काळात ते आल्सास-लोरेनच्या विधानसभेचे अध्यक्ष होते आणि तेव्हा बर्लिनशी भांडत होते. आता पॅरिसशी भांडण्याबद्दल ते पिंजऱ्यात उभे राहिले. खटल्याच्या आधीच लोकांनी त्यांना खासदार म्हणून निवडून दिलं होतं.

म्हणजे तो जुना कोड आळसाने राहिलेला नाही. काढायला गेल्यावर काय होतं ते एकदा कळलं, म्हणून ठेवलेला आहे. चार वेळा सगळं बदललेल्या लोकांनी निदान एवढं तरी बदलू नका म्हणून पाय रोवले, त्या जागेची ती खूण आहे.

खोऱ्यातली छोटी गाडी

दुसऱ्या दिवशी कोल्मारहून म्युन्स्टेर खोऱ्यात जाणारी छोटी गाडी पकडायची. दहाएक मिनिटांत तुर्कहाइम येतं. तटबंदीचं गाव, वेशी शाबूत, लागूनच द्राक्षांची टेकडी. उन्हाळ्यात रात्री दहा वाजता हातात कंदील घेतलेला गस्तवाला अजूनही गल्ल्यांतून गात फिरतो.

इथे द्राक्षं का पिकतात हे सह्याद्री पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. पश्चिमेकडून येणारे ढग व्होज डोंगरावर रिकामे होतात आणि पूर्वेच्या उतारावर पर्जन्यछायेचा प्रदेश उरतो. घाट उतरून देशावर आल्यावर आपल्याकडे होतं तसंच. कोल्मार हे फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक आहे. त्या उन्हात रीसलिंग आणि गेव्युर्त्सट्रामिनर ही द्राक्षं पिकतात. नावं जर्मन, बाटली उंच आणि सडपातळ, चव कोरडी. बाटलीवरच्या लेबलवर मात्र ठसठशीत फ्रेंच शिक्का, जो या भागाला १९६२ मध्ये मिळाला.

त्याच मार्गावर पुढे गुन्सबाख आहे. अल्बर्ट श्वाइट्झर इथे वाढले. १८७५ मध्ये जवळच्या कायझर्सबर्गमध्ये त्यांचा जन्म झाला, वडील गुन्सबाखला पाद्री होते. तत्त्वज्ञ, ऑर्गनवादक, डॉक्टर. भारतीय विचारपरंपरेवर त्यांनी १९३५ मध्ये एक पुस्तकही लिहिलं. १९१३ मध्ये ते आफ्रिकेत गॅबनमधल्या लांबारेने इथे दवाखाना काढायला गेले. गॅबन फ्रेंच वसाहत होती आणि श्वाइट्झर कागदोपत्री जर्मन. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच फ्रेंचांनी त्यांना नजरकैदेत टाकलं, १९१७ मध्ये युद्धकैदी म्हणून फ्रान्समध्ये आणलं. इकडे त्यांच्या आईचा १९१६ मध्ये गुन्सबाखजवळच्या रस्त्यावर जर्मन घोडदळाच्या घोड्यांखाली येऊन अंत झाला. मुलाला जर्मन म्हणून फ्रेंचांनी पकडलेलं आणि आई जर्मन घोड्यांनी तुडवलेली. युद्ध संपल्यावर श्वाइट्झर फ्रेंच झाले. पुढे शांततेचं नोबेल मिळालं ते फ्रेंच नागरिक म्हणून. छोट्या गाडीने तिथे जाऊन, त्यांनी पुढे बांधलेलं घर पाहून तुम्ही जेवायच्या वेळेला कोल्मारला परत येऊ शकता.

१९५३

या सहलीत एक रस्ता सारखा आडवा येतो. त्याच्या पाट्यांवर ‘वाईन मार्ग’ असं लिहिलेलं असतं. आल्सासच्या द्राक्षगावांना जोडणारा हा मार्ग सुमारे १७० किलोमीटरचा आहे. त्याचं उद्घाटन झालं ३० मे १९५३ ला, आणि तेही मोटारींच्या रॅलीने. दोन टोकांहून, मार्लेनहाइम आणि तानहून, मोटारींचे दोन ताफे निघाले.

तो मार्ग ज्या गावांतून जातो, त्यांतली काही गावं तेव्हा नुकती पुन्हा उभी राहत होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात कोल्मारभोवती जर्मन सैन्य अडकून राहिलं आणि २ फेब्रुवारी १९४५ ला कोल्मार मुक्त होईपर्यंत आसपासच्या द्राक्षबागांत लढाई चालली. कोल्मारचं जुनं गाव नशिबाने वाचलं. आमेर्शविर, बेनविर, सिगोल्सहाइम ही गावं जवळजवळ भुईसपाट झाली. सिगोल्सहाइमच्या वरच्या टेकडीवर, द्राक्षवेलींच्या मधोमध, फ्रेंच सैन्यातल्या दीड हजारांहून जास्त सैनिकांच्या कबरी आहेत. त्यांतले कितीतरी उत्तर आफ्रिकेतल्या वसाहतींतून आलेले मुसलमान.

आणि त्याहून अवघड गोष्ट. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी आल्सासमध्ये सक्तीची सैन्यभरती सुरू केली. आल्सासमधून सुमारे एक लाख आणि शेजारच्या मोझेलमधून तीस हजार तरुण जर्मन गणवेशात कोंबले गेले. बहुतेकांना रशियाच्या आघाडीवर पाठवलं. पळून जाणाऱ्याचं कुटुंब उचलून नेलं जाई. तीस हजारांहून जास्त परतलेच नाहीत. रशियाच्या कैदेतला शेवटचा माणूस घरी आला १९५५ मध्ये. त्यांना फ्रेंचमध्ये जे नाव पडलं, त्याचा अर्थ ‘आमच्या मनाविरुद्ध गेलेले’.

१० जून १९४४ ला मध्य फ्रान्समधल्या ओरादूर-सुर-ग्लान या गावात जर्मन एसएस तुकडीने सहाशेहून जास्त लोक मारले. बायका-मुलांना चर्चमध्ये कोंडून जाळलं. जानेवारी १९५३ मध्ये बोर्दोत खटला उभा राहिला. २१ आरोपींपैकी १४ आल्सासचे होते, त्यातले १३ सक्तीने भरती झालेले. ओरादूरचे लोक न्याय मागत होते. आल्सासचे लोक म्हणत होते, आमच्या पोरांना पर्याय होता कुठे? शिक्षा सुनावल्यावर आठवड्याभरातच, २० फेब्रुवारीला, संसदेने सक्तीने भरती झालेल्यांना माफी देणारा कायदा केला. आल्सासने सुस्कारा सोडला. ओरादूरने सरकारने दिलेली मानचिन्हं परत केली. आणि मृतांच्या यादीत आल्सासहून तिकडे हलवलेली कुटुंबंही होती. १९३९ मध्ये सीमेवरच्या लोकांना सुरक्षित जागी म्हणून त्याच भागात पाठवलं होतं.

यानंतर शंभर दिवसांत वाईन मार्गावरून मोटारी धावल्या. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या मे महिन्यात रस्त्याच्या कडेला उभं राहून मोटारींना हात हलवणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चाललं असेल, याचा विचार करून पाहा. त्याच्या घरातला एक भाऊ रशियात बेपत्ता, बोर्दोचा निकाल ताजा, शेजारचं गाव अजून मचाणांनी झाकलेलं. अशा वेळी कुणी म्हणालं की चला, आता आपण लोकांना आपली वाईन पाजू, आपली फुलं दाखवू, तर ती पळवाट नव्हती. बोलण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, ज्यावर पाहुण्याशी भांडण होणार नाही. तेव्हा गाव नटलं ते पोट भरायला आणि थोडं गप्प बसता यावं म्हणूनही.

चाळीस किलोमीटर

शेवटच्या दुपारी हातात वेळ असेल, तर ऱ्हाइन ओलांडून पलीकडे जर्मनीतल्या फ्रायबुर्गला जा. कोल्मारपासून जेमतेम चाळीस किलोमीटर. १८७८ पासून तिथे थेट रेल्वे जायची, ब्राइझाखजवळ ऱ्हाइनवर रेल्वेचा पूल होता. दुसऱ्या महायुद्धात पूल तुटला आणि १९४५ नंतर तो रेल्वेसाठी पुन्हा कुणी बांधला नाही. नदीच्या दोन्ही बाजूंचे देश मित्र झाले, एक चलन वापरू लागले, पासपोर्ट पाहणं बंद झालं. रस्त्याचा पूल आला. गाडीवाल्याला सीमा कुठे संपली ते कळतही नाही. रेल्वेने जाणाऱ्याला मात्र कळते. कोल्मारहून बस धरायची, नदीपलीकडे ब्राइझाखला उतरायचं आणि तिथून जर्मन गाडी पकडायची.

जानेवारी २०१९ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीने आखेनमध्ये नव्या मैत्रीच्या तहावर सह्या केल्या. सोबत जी अग्रक्रमाच्या कामांची यादी जोडली, तीत कोल्मार ते फ्रायबुर्ग रेल्वे पुन्हा सुरू करण्याचा प्रस्ताव आहे. ती झाली, तर या मार्गावर दोन्ही देशांचे रूळ पुन्हा जुळतील आणि तिथे मेंढीची उडी बांधावी लागणार नाही. ऱ्हाइनच्या दोन्ही काठांवर गाड्या आधीपासूनच उजवीकडून चालतात.